आठ वॉटचा अ‍ॅम्प, बारा बाय सोळाचा हॉल आणि डीजेचे टॉप

नमस्कार सर. प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: अंबाजोगाईत घर, हॉल बारा बाय सोळा, वर स्लॅब, खाली टाइल्स. जावयांनी आठ वॉटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प दिलाय. आधीचे छोटे स्पीकर (आवाजाचं माप ८७ डीबी, विजेला अडथळा ४ ओहम) त्याला जोडले तर आवाज येतो, पण जीव येत नाही. ऐकणं म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, जुनी गाणी, अधूनमधून कीर्तन. आणि ओळखीतला एक जण डीजेचा धंदा बंद करतोय, त्याच्याकडं पंधरा इंची टॉपची (बेसच्या खोक्यावर ठेवायच्या मोठ्या स्पीकरची) ९८ डीबीची जोडी स्वस्तात मिळतीय. ती घ्यावी का, आणि घेतली तर ठेवावी कशी.

आधी माझं सांगतो. औशाकडं आमचा मंडप-साऊंडचा धंदा. पंचवीस वर्षं सप्ताह, लग्नं, उरूस, गणपती केले. आता पोरगा बघतो. मी दुकानात मागं बसून जळालेल्या कॉईली बदलतो आणि हौसेपोटी घरात ऐकायचे खोके बांधतो. त्यामुळं डीजेच्या टॉपला नाक मुरडणारा मी नाही, त्याच्यावरच आमचं पोट भरलंय.

तुम्ही विचारलंय ९८ डीबीचं, पण खरी तक्रार मधेच एका ओळीत लिहून गेलात: "नुसतं गाणं असलं की ठीक, तबला वर आला की सगळं एकाच उंचीवर बसल्यासारखं होतं." ही ओळ नसती तर मी तुम्हाला आधी खोली दुरुस्त करा म्हणालो असतो. हे अ‍ॅम्पचा दम संपल्याचं लक्षण आहे. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प दम संपला की फाटतो, कानाला लगेच कळतं. व्हॉल्व्हचा फाटत नाही, दबतो. थाप पडते पण उठत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं रेकॉर्डिंगच मिळमिळीत आहे.

आता हिशेब. स्पीकरच्या डब्यावर छापलेला डीबी म्हणजे बहुतेक वेळा २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो तो. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट. पण तुमचे ४ ओहमचे, तिथं तेवढ्याच व्होल्टला दोन वॉट जातात. वॉट दुप्पट झाले की ३ डीबी वाढतात, म्हणून ८७ मधले ३ काढून टाका, उरले ८४. आठ वॉटचे ९ डीबी मिळवा, ९३. दोन स्पीकरचे आणखी ३, ९६. तुम्ही बसता दहा फुटांवर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराला साडेनऊ-दहा डीबी जातात, खोलीत भिंती परत देतात म्हणून मी सहा धरतो. उरले ९०. म्हणजे तुमच्या खुर्चीवर सगळा जोर लावून ९०. घरात आरामात ऐकताना सरासरी ७५ च्या आसपास असते, आणि तबल्याच्या थापा, टाळांचे ठोके त्याच्या पंधरा-वीस डीबी वर जातात. ७५ अधिक १५, ९०. तुम्ही बरोबर कड्याच्या टोकावर उभे आहात. वीसची उडी मारणारं रेकॉर्डिंग लागलं की पाय घसरला.

ह्याच हिशेबात स्पीकर खरा ९२ डीबीचा घातला तर खुर्चीवर ९८ मिळतात. तेवढं तुम्हाला पुरून उरतं. म्हणून माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो: तुम्हाला ९८ डीबी लागतच नाहीत. खरे ९२ ते ९५ बास झाले. "खरे" ह्या शब्दावर जोर आहे, कारण छापलेल्या आकड्यात आणि बाकावर मोजलेल्या आकड्यात दोन-तीन डीबीचा फरक मला नेहमी दिसतो. आणि तो फरक कधी ग्राहकाच्या बाजूनं निघालेला नाही.

हे मात्र तुमच्या सवयीवर आहे. तुम्ही मोठ्यानं ऐकणारे असाल, सरासरी ८५ वर, तर गणित बदलतं. मोबाईलवर आवाज मोजायचं फुकटचं अ‍ॅप घ्या, नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावा, बसल्या जागी दोन मिनिटं आकडा बघा. अ‍ॅप दोन-चार डीबी चुकतं, चालतं.

आता जास्त डीबीचा स्पीकर म्हणजे नेमकं काय, हे आपल्या सप्ताहाच्या कर्ण्यावरून बघा. लिंबाच्या झाडावर बांधलेला अहुजाचा कर्णा, मागं चाळीस वॉटचं युनिट. पहाटेचा काकडा शिवेपलीकडच्या वस्तीवर ऐकू जातो. (पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वरची उबदार, त्यामुळं आवाज वर न जाता खाली वाकतो. दुपारी तोच कर्णा निम्म्या अंतरावर विरतो. गावकरी म्हणतात दुपारी पोरं आवाज कमी करतात. पोरांनी बटणाला हात लावलेला नसतो.) आणि घरातला दोनशे वॉटचा होम थिएटर गल्ली ओलांडत नाही. कारण स्पीकरचा साधा कोन (पुढचा कागदी पडदा) हवेला ढकलतो तेव्हा बहुतेक जोर वाया जातो. ९२ डीबीचा स्पीकर म्हणजे शंभरातला एक टक्का वीज आवाजात बदलणारा, बाकी नव्व्याण्णव टक्के कॉईल तापवणारा. तुमचे ८४ वाले तर एक टक्क्याच्याही सहाव्या हिश्शात आहेत. १०२ डीबीला दहा टक्के होतात. हॉर्न, म्हणजे कर्ण्याचं पसरट तोंड, हवेची पकड देतो म्हणून फरक पडतो, बाकी जादू नाही.

पण त्या कर्ण्यातून पखवाजाचा डावा हात कधी ऐकलाय? नाही ऐकू येणार. खालचा सूर त्या तोंडातून निघतच नाही, त्याला कितीतरी मोठं तोंड लागतं. पॉल क्लिप्श नावाच्या अमेरिकन माणसानं १९४६ च्या सुमारास खोलीचा कोपराच हॉर्नचं तोंड म्हणून वापरला आणि खालचा सूर हॉर्नमधून घरात आणला. आणि तो खोकाही कपाटाएवढाच.

ह्या धंद्यात हॉफमनचा नियम म्हणून एक गोष्ट सांगतात. खोका लहान, खालचा सूर खोल, आणि डीबी जास्त: तिन्ही एकदम मिळत नाहीत, दोन घ्या आणि तिसरं सोडा. त्याचं गणित फार कडक आहे. खालचा सूर तेवढाच ठेवून ३ डीबी वाढवायचे तर खोका दुप्पट. आणि डीबी तेवढेच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा तर खोका आठपट. आठपट, सर. म्हणून कुणी तुम्हाला पुस्तकाएवढ्या खोक्यात ९५ डीबी आणि खोल बेस दोन्ही देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. डीबी म्हणजे शेवटी जागेचा सौदा आहे. हॉलमधली किती जागा द्यायची हे आधी ठरवा, आणि ते वहिनींना विचारल्याशिवाय ठरवू नका. माझ्याकडं एक जोडी अशीच परत आलेली आहे.

तर डीजेचे ते टॉप. मी घेऊ नका म्हणेन, आणि कारण "डीजेचे आहेत" हे नाही.

पंधरा इंची कोनाचा आवाज देणारा व्यास साधारण ३३ सेंटिमीटर. १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, लहरीची लांबी ३४ सेंटिमीटर. लहर कोनाएवढी झाली की आवाज पसरायचा सोडून समोर झोत मारायला लागतो. स्वस्त टॉपमध्ये वरचं युनिट लहान असतं, त्याला दोन-अडीच हजार हर्ट्झच्या खाली काम दिलं की त्याचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) जातो, म्हणून दोन-अडीच हजारपर्यंत पंधरा इंचीच ओढत राहतो. तिथून पुढं हॉर्न सुरू, आणि हॉर्न रुंद पसरतो. म्हणजे एकाच गळ्यातला आवाज खालून झोतात येतो आणि वरून पसरून. मैदानात शंभर फुटांवर हे कळत नाही. तुमच्या दहा फुटांवर गाणारा माणूस नळीत तोंड घालून गातोय असं वाटतं, आणि मान जरा हलवली की नळी हलते. ख्याल ऐकणाऱ्याला हे आठ दिवसांत नको होतं. शिवाय हे टॉप खाली वेगळा बेस असणार हे धरूनच बांधलेले असतात, साठ हर्ट्झच्या खाली त्यात फारसं काही नसतं. आणि धंदा बंद करताना विकलेल्या मालाच्या कॉईली किती हंगाम भाजल्यात ते मीही बघितल्याशिवाय सांगू शकत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. बारा इंची पीएचा (मंडपाच्या साऊंडचा) कागदी कोन, कडेला कापडाची घडीची सराउंड असलेला; शंभर लिटरच्या आसपास खोका; वर असा हॉर्न की ज्याचं तोंड तीस सेंटिमीटर रुंद आहे आणि ज्याचं युनिट १३००-१५०० हर्ट्झपासून काम घेतं. शंभर लिटर म्हणजे आतून साधारण ४० रुंद, ३५ खोल, ७२ सेंटिमीटर उंच. खरे ९३-९४ डीबी मिळतात आणि डग्ग्याची घुमक पूर्ण येते. सुटे भाग हैदराबादला कोटीतल्या गुजराती गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळतात. आपल्याकडची निम्मी माणसं हैदराबादच गाठतात. तयार घ्यायचे असतील तर जुने मोठ्या खोक्याचे बारा इंची थ्री-वे (खालचा, मधला, वरचा सूर वेगळ्या युनिटवर) बघा, पण ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. आठ इंची एकाच कोनाचे फुलरेंज हा तिसरा रस्ता. गळा त्यावर इतका सरळ येतो की अंगावर काटा येतो, पण तबल्याची जोडी अर्धीच येते. तुमची तक्रारच तबल्याची, म्हणून तो रस्ता तुमचा नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, ओहम. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरला ट्रान्झिस्टरसारखा घट्ट धरून ठेवत नाही, स्पीकरचा ओहम जिथं चढतो तिथं आवाजही चढतो, उतरतो तिथं उतरतो. ८ ओहमचा, कुठंही ६ च्या फार खाली न जाणारा स्पीकर घ्या आणि अ‍ॅम्पच्या मागं ८ च्या टोकाला जोडा. तुमचे ४ ओहमचे सध्या कुठं जोडलेत ते आज बघा. ८ ला असतील तर निम्मी तक्रार तिथंच असू शकते, आणि मग एवढ्या खर्चाची घाई नाही.

दुसरी, हॉर्नचं युनिट १०५-१०८ डीबीचं असतं. ते बारा इंचीच्या बरोबरीला खाली आणावं लागतं. घरगुती खोक्यात बहुतेक लोक इथंच चुकतात, आणि मग "हॉर्न कर्कश असतो" अशी हॉर्नची बदनामी होते. ८ ओहमच्या युनिटला दहा डीबी उतरवायचे तर ५.६ ओहमचा रेझिस्टर ओळीत आणि ३.९ ओहमचा युनिटला समांतर, दोन्ही दहा वॉटचे, पांढरे सिमेंटचे. चहाच्या पैशात काम होतं, आणि अ‍ॅम्पला पुढं ८ च्या आसपासच ओहम दिसतो. हे हॉर्नच्या वाटेतल्या कपॅसिटरच्या पुढं, युनिटच्या बाजूला लावायचं. ह्याचा आणखी एक फायदा: जास्त डीबीचा स्पीकर अ‍ॅम्पची सूंऽऽ सुद्धा तेवढीच मोठी करून ऐकवतो. वरून दहा डीबी कापले की ती सूंही कापली जाते.

आता खोली. इथं मला माझ्या मामाच्या घराची गोष्ट सांगावी लागेल. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या पट्ट्यात माळवदाची भीती बसली, ती बरोबरच होती. घरं पाडून स्लॅब आले. मामाचं माळवद तेवढं बरीच वर्षं टिकलं. हात-हात जाड मातीच्या भिंती, वर सागाची तुळई, कडीपाट, त्यावर माती. एकदा माझी जोडी नीट वाजत नाही म्हणून वैतागून ती टेम्पोत घालून तिकडं नेली. तेच स्पीकर, तोच अ‍ॅम्प, तीच रेकॉर्ड. घरी जो तानपुरा भांड्यात वाजल्यासारखा होता तो तिथं मागं जाऊन बसला आणि गाणारा पुढं आला. पखवाजाच्या एका थापेला वरून मातीचे चार-पाच कण सुटले आणि फिरत्या रेकॉर्डवर पडले. मामा म्हणाला, "बास कर आता, घर पाडतोस का." मी मात्र त्या दिवशी पुढचे स्पीकर बांधायचं सोडलं आणि घरी येऊन आधी हॉलकडं बघितलं.

तुमच्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टण्ण्ण करून शेपूट आली तर ती टाइल आणि स्लॅब एकमेकांकडं आवाज फेकतायत. त्याला महागडे पॅनल नकोत. स्पीकर आणि तुम्ही ह्यांच्या मधल्या जागेत जाड सतरंजी, तिच्याखाली जुनी गोधडी. तुमच्या मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट; तुमच्याकडं पुस्तकं असणारच. स्टीलच्या ताटांची मांडणी भिंतीपलीकडं असेल तर एका ठराविक सुराला ती बोलणार, ते स्पीकरचं दुखणं समजून दुकानात घेऊन येऊ नका. आलेत लोक.

स्पीकरची मांडणी अशी. सोळा फुटांच्या लांबीत ऐका, म्हणजे स्पीकर बारा फुटी भिंतीपुढं. त्या भिंतीपासून अडीच फूट पुढं, एकमेकांत सात फूट, बाजूच्या भिंतींपासून अडीच-अडीच. बसायची जागा त्याच भिंतीपासून बारा फुटांवर, तुमच्या मागं चार फूट मोकळे. पाठीमागच्या भिंतीला टेकून बसलात तर बेस फुगणार. हॉलच्या बरोबर मध्यावर बसलात तर ३५ हर्ट्झच्या आसपास भोक पडतं, कारण सोळा फुटांच्या लांबीचा स्वतःचा सूर तो आहे आणि मध्यावर तो मरतो. बारा फुटांचा ४७ च्या जवळ. डग्गा एकाच सुराला घुमतोय असं वाटलं तर स्पीकर पुढं-मागं चार-चार बोटं सरकवा. चार बोटांनी फरक पडतो. खडूनं खुणा करा, नाहीतर चांगली जागा परत सापडत नाही.

स्पीकर आत वळवा, पण तोंडं तुमच्या कानावर नकोत. दोन्ही हॉर्नच्या रेषा तुमच्यापुढं फूट-दीड फुटावर एकमेकींना कापल्या पाहिजेत. मग शेजारी वहिनी बसल्या तरी गाणारा मधेच राहतो, जवळच्या स्पीकरकडं पळत नाही. आणि तुम्ही गादीवर बसून ऐकता असं लिहिलंय. मग उंच स्टँड घेऊ नका. मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान अडीच-पावणेतीन फुटांवर येतो. खोक्याखाली चार इंचाची लाकडी बैठक आणि पुढच्या बाजूला पातळ पाचर, म्हणजे हॉर्न किंचित वर बघेल.

लाईटचं थोडक्यात. आमच्याकडं संध्याकाळी १८० व्होल्ट आणि रात्री अकरानंतर २५० असतात, तुमच्याकडं फार वेगळं नसेल. व्हॉल्व्हला दोन्ही टोकं वाईट. सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या आणि दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याची मोटर कुरकुरते. अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये सुकतो. अ‍ॅम्पच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा घूंऽऽ वाढली तर अ‍ॅम्पचा प्लग काढून आधी खड्ड्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओता, मग मला विचारा. आणि कूलर चालू असताना कुठलाच स्पीकर पारखू नका. माझ्या घरी कूलरसमोर मोबाईल ६० च्या पुढं दाखवतो. आलापीतलं जे हळू आहे, ते सगळं त्याच्याखाली जातं. मे महिन्यात मी पहाटे पाचला ऐकतो.

शेवटी टिकण्याचं. चोरबाजारातून एकदा मोठ्या हौसेनं विलायती जोडी आणली होती, फोमच्या सराउंडची. दुसऱ्या उन्हाळ्यात बोट लावलं तर फोम भस्मासारखा हाताला आला. म्हणून मी कापडाच्या घडीवर अडून बसतो. खोका बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचा करा आणि खालची बाजू जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी तिथूनच चढते. आणि हवेच्या भोकाला आतून बारीक तारेची जाळी ठोका. मागच्या दिवाळीत एकानं स्पीकर आणला, डाव्या बाजूचा बेस गेलाय म्हणून. उघडला तर आत उंदरीण आणि सहा पिल्लं, कोनाचा कागद कुरतडून मऊ अंथरूण केलेलं. त्याला म्हणलं, दादा, बेस गेला नाही, संसाराला लागलाय.